सेंट्रिंगच्या गोदामातली किरायाची गैंती

दुकानाला पाटी नाही. अन्नपूर्णा रोडवरून आत शिरलेल्या एका गल्लीत पत्र्याचं गोदाम आहे. दारावर चुन्याने हाताने लिहिलंय, 'सेंट्रिंग का सामान किराये पर'. खाली मोबाइल नंबर आहे, त्यातला शेवटचा आकडा पावसाने धुऊन नेलाय. बाहेर बल्ल्या, लोखंडी प्लेटा आणि एक झोपलेलं कुत्रं. मी इथून स्लॅब टाकायला काही नेत नाही. आमच्या रविवारच्या श्रमदानासाठी मी गैंत्या, फावडे आणि तगाऱ्या नेते. गेल्या दोन उन्हाळ्यांत मिळून एकोणीस वेळा नेल्या, तेव्हा अभिप्राय लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

(पुण्याची भाची हे वाचून हसणार. तिच्याकडे टिकाव आणि घमेलं असतं. आम्ही इंदूरवाले पिढ्यानपिढ्या गैंती आणि तगारीच म्हणत आलोय आणि सामान भाड्याने आणत नाही, किरायाने आणतो.)

मी वीज कंपनीच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले. टेकडीवर चर खणणाऱ्या एका गटात शेजारणीबरोबर सहज गेले, तर पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं, "वहिनी अकाउंट्सच्या ना, मग सामान त्यांच्याकडे." झालं. खणणारे खणतात, फोटो काढणारे काढतात आणि मी शनिवारी संध्याकाळी या गोदामात उभी राहून दांडे मोजते.

टेकडी कुठली ते आधी सांगते, कारण सामान कसं हवं ते त्यावर ठरतं. इंदूरच्या आग्नेयेला उज्जैनी नावाचं गाव आहे, तिथली काकरी बर्डी ही क्षिप्रेच्या उगमाची टेकडी. सिंहस्थात उज्जैनला लाखो लोक जिच्यात बुडी मारतात ती नदी इथे, आपल्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर निघते. 'निघते' हे आता जरा उदारपणे म्हणायचं. 2014 मध्ये ओंकारेश्वर प्रकल्पातलं नर्मदेचं पाणी पंपांनी सुमारे 350 मीटर वर चढवून, पाइपाने आणून इथे क्षिप्रेत सोडलं, तेव्हा कुठे नदीला उन्हाळ्यात पाणी दिसलं. इंदूरचंही तेच. 1978 पासून आपण सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून आलेली नर्मदा पितो. वापरलेलं पाणी कान्ह नदीतून जातं उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना आणि गंगा. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी वर उचलायचं, वापरून घाण करायचं आणि बंगालच्या उपसागराकडे लावून द्यायचं. हिशेबाच्या भाषेत याला एका खात्यातून उचलून दुसऱ्या खात्यात बुडवणं म्हणतात, आणि ऑडिटवाले यावर लाल शाईने लिहितात.

आमची टेकडी त्या उगमाच्या बाजूच्याच एका गावची, गुरं चारायची. पंचायतीची परवानगी घेऊन आम्ही तिथे समतल चर खणतो. उताराला आडवा, दोन फूट रुंद, एक फूट खोल, दहा फूट लांब. निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी लावायची. काम माथ्यापासून सुरू करायचं आणि पायथ्याकडे यायचं. उलट केलं तर वरून धावत आलेलं पाणी खालचे चर पहिल्याच पावसात बुजवून टाकतं. एक चर म्हणजे वीस घनफूट, म्हणजे साडेपाचशे लिटरहून थोडं जास्त पाणी एका वेळी थांबतं, मुरतं, पुन्हा भरतं. मालव्याची जमीन म्हटल्यावर सगळ्यांना काळी माती आठवते, पण ती खाली शेतात. टेकडीवर मुरूम आहे आणि मुरमाखाली काळा पाषाण. मे महिन्यात त्या मुरमावर बोथट गैंती मारली की टण्ण आवाज येतो आणि झटका थेट खांद्यात जातो.

आता गोदामाच्या मालकाकडे वळते.

पहिल्या वर्षी पहिल्यांदा गेले तेव्हा बरोबर भाचा होता. मालकांनी सगळं बोलणं त्याच्याशी केलं. मी विचारायची, उत्तर त्याला. डिपॉझिट तीन हजार, ते मी पर्समधून काढून दिले, पावती मात्र भाच्याच्या नावाची. पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. मी म्हटलं, नाव बदला, परत करायला मीच येणार आहे. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि नाव न विचारताच 'आंटी' असं लिहिलं. त्यांच्या वहीत मी आजही आंटीच आहे. ते माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठे असतील.

दर असे: गैंती पंधरा रुपये रोज, फावडा दहा, तगारी पाच, सब्बल (म्हणजे पहार) वीस. पाण्याची लेव्हल पाइपसुद्धा वीस. आमची नेहमीची मागणी वीस गैंत्या, वीस फावडे, चाळीस तगाऱ्या, चार सब्बल आणि एक पाइप, म्हणजे बरोबर आठशे रुपये. शनिवारी संध्याकाळी न्यायचं, रविवारी दुपारी परत आणायचं, तरी किराया एकाच दिवसाचा लागतो. हा मुद्दा त्यांच्या बाजूने नोंदवते. लोडिंग ऑटोचा खर्च वेगळा आणि तो किरायापेक्षा जास्त येतो, पण त्याला गोदाम काय करणार.

त्या पहिल्या रविवारी आम्ही बेचाळीस जण होतो. सकाळी सहाला पोचलो, कुणी हातात मोजे घातले, कुणी टोप्या. कॉलेजची पोरं, भजनी मंडळाच्या सहाजणी, सॉफ्टवेअरवाले. आठ वाजेपर्यंत निम्मे लोक नुसते उभे होते. गैंत्यांची टोकं झिजून अंगठ्यासारखी गोल झाली होती. दोन गैंत्यांचे दांडे नेढ्यात, म्हणजे लोखंडी डोक्याच्या भोकात, इतके ढिले की हाणताना डोकं मागे फिरायचं. एक तर सुटून मागे जाऊन पडलं. नशीब, मागे कुणी नव्हतं. तगाऱ्यांच्या बुडाला भोकं, उचलून न्यायला लागलं की पायावर मुरमाची धार. एकीची कड उलटी वळली होती, तिने एका मुलीचा तळहात कापला. पट्टी लावली, पोहे खाल्ले, त्यांवर घालायचा जीरावण मसाला वाटला, सगळ्यांनी फोटो काढले आणि घरी गेलो.

दुसऱ्या रविवारी आलो एकोणीस.

गटाच्या म्होरक्यांना वाटलं ऊन लागलं असेल, नाहीतर लग्नसराई. मी फोन लावले. हिशेबाच्या माणसाला तूट दिसली की ती कुठे गेली ते शोधल्याशिवाय झोप येत नाही. तेवीसपैकी सोळांनी फोन उचलला, आणि त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच निघालं: हाताला फोड आले, आणि दोन तास मारूनही चर वीतभर खोल झाला नाही. उन्हाचं नाव फक्त दोघांनी घेतलं. माणूस घाम गाळायला तयार असतो हो. घाम गाळून खड्डासुद्धा पडत नाही म्हटल्यावर तो पुढच्या रविवारी उशिरापर्यंत झोपतो, आणि मी त्याला दोष देत नाही.

तिसऱ्या शनिवारी मी एकटी गोदामात गेले. समोरच एका ठेकेदाराचा माणूस सामान भरत होता आणि त्याच्या ढिगातल्या गैंत्या चकचकीत, टोकदार. मी मालकांना विचारलं, आम्हाला या का नाही? किराया तर तोच. ते न लाजता म्हणाले, "आंटी, वो काम वाले हैं। आप लोग तो फोटो वाले।" वर समजावून सांगायला लागले की संस्थावाले येतात, बॅनर लावतात, दहा मिनिटं फावडा धरून उभे राहतात आणि जातात. शिवाय नवख्या हातात टोकदार हत्यार दिलं आणि कुणाच्या पायावर बसलं तर? म्हणून श्रमदानवाल्यांना ते मुद्दाम बोथट माल देतात.

मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, अर्धा मुद्दा पटलासुद्धा. फोटोचं तर मी स्वतः पाहिलंय. मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, मागच्या रविवारी आणून दिलेल्या गैंत्या दाखवा. कोपऱ्यात तशाच पडल्या होत्या. एक उचलली, नेढ्याच्या सांध्यात लाल मुरूम ठासून बसला होता. दुसरीतही. त्यांनी खिळा घेऊन तो उकरला, बोटावर चोळला, दांड्याच्या मधल्या भागावरून हात फिरवला. तिथे लाकूड काळं, गुळगुळीत आणि चिकट झालं होतं. काही बोलले नाहीत. आतून पोऱ्याला हाक मारली आणि दहा गैंत्या बदलून दिल्या. वीस नव्हे, दहा. उरलेल्या दहा पुढच्या आठवड्यात, लोहाराकडून पाजवून आल्यावर. आणि या बदललेल्या मालाचा किराया एक रुपयाने कमी केला नाही, की आधीच्या दोन रविवारांचं काही वळतं केलं नाही. मी मागितलं होतं. "वो तो हो गया," म्हणाले.

तेव्हापासून सामान चांगलं मिळतंय, हे प्रामाणिकपणे लिहिते. गैंतीची दोन्ही तोंडं तापवून, ठोकून काढलेली असतात, एक टोकदार, दुसरं चपटं. मुरमाला आधी टोकाने फोडायचं आणि मग चपट्या बाजूने ओढायचं, हे आम्हाला त्यांच्या पोऱ्याने शिकवलं. तोपर्यंत आमची निम्मी मंडळी चपट्या बाजूनेच मारत होती. दांडा ढिला वाटला तर पाचर ठोकून रात्रभर पाण्यात डोकं बुडवून ठेवायचं, लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं, हेही तिथलंच शिक्षण. शनिवारी रात्री माझ्या बाथरूममध्ये बादलीत उलट्या उभ्या केलेल्या गैंत्या पाहून ह्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, हे काय लोणचं घातलंयस का.

त्या मोसमात आमची संख्या पुन्हा तिसाच्या वर गेली. बेचाळीस काही झाली नाही.

लेव्हल पाइपबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मी तोंडावरही केली आहे. समतल चराची सगळी गंमत 'समतल' या शब्दात आहे. चराचं तळ एका पातळीत हवं, नाहीतर तो चर राहत नाही, नाली होते. त्यासाठी गवंडी वापरतात तीच पारदर्शक नळी आम्ही नेत होतो. दोन काठ्यांना दोन टोकं धरायची, दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर थांबलं की त्या दोन जागा समतल. मग चुन्याची रेघ. गोदामातली नळी जुनी, उन्हाने पिवळी पडलेली, मध्ये एका ठिकाणी मुडपलेली. पिवळेपणामुळे आतला हवेचा बुडबुडा दिसलाच नाही. आम्ही पन्नास फुटांची एक ओळ आखली, पाच चर खणले, बांध लावले, टाळ्या वाजवल्या. जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीनंतर पाहायला गेलो तर एका टोकाचा चर तुडुंब भरून बांध फुटलेला, आणि त्याखाली नवी कोरी ओघळ पडलेली. माती अडवायला गेलो आणि मातीला वाट करून दिली. ओळ वीतभर कलली होती.

चूक कुणाची? अर्धी त्या नळीची आणि अर्धी आमची. नळी भरताना बुडबुडे काढून टाकायचे असतात, आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं येतंय ना ते पाहायचं असतं. आमच्यात दोन इंजिनियर होते. दोघांनीही पाहिलं नाही.

त्यानंतर नळीचा नाद सोडला. बांबूच्या दोन सारख्या काठ्या वर बांधून, मध्ये आडवी पट्टी लावून ए-फ्रेम बनवली आणि शेंड्यावरून ओळंबा सोडला. ओळंबा याच गोदामातला, इथले मिस्त्री त्याला साहुल म्हणतात. दहा रुपये रोज. फुकट काही मिळणार नाही हे एव्हाना मी शिकले होते. फ्रेम उभी करायची, दोरी पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी. दोरी तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. भजनी मंडळाच्या काकूंना हे दहा मिनिटांत जमलं. आता आखणी त्याच करतात आणि इंजिनियरांना जवळ फिरकू देत नाहीत. दुसऱ्या वर्षी एकही ओळ कलली नाही. नळी किरायाने नेऊ नका, किंवा स्वतःची नवी घ्या, एवढाच सल्ला.

विकतच का घेत नाही, असं मला गटात दर महिन्याला कुणीतरी विचारतं. हिशेब करून ठेवलाय. गैंती दांड्यासकट चारशेच्या घरात, फावडा साडेतीनशे, लोखंडी तगारी दीडशे. आमच्या मागणीला एकवीस हजार, सब्बल वेगळ्या. मोसमात नऊ-दहा रविवार, आठ हजारांच्या आत किराया. म्हणजे तीन मोसमांत पैसे वसूल, कागदावर. पण पाजवणं, दांडे, पाचरी, आणि मुख्य म्हणजे दहा महिने हे सगळं ठेवायचं कुठे? ज्यांनी विकत घ्यायचा ठराव मांडला त्यांच्या फ्लॅटला बाल्कनी आहे का, असं मी विचारलं. ठराव तिथेच थांबला.

झाबुआकडे भिल्ल लोकांत हलमा म्हणून रीत आहे. संकटात असलेल्याने साद घातली की सगळा समाज मदतीला जमतो, आणि हाथीपावा टेकडीवर हेच लोक हलम्यासाठी येऊन चर खणतात. येताना प्रत्येकाची गैंती, फावडा, तगारी आपापली असते. ज्याच्या उंचीचा त्याचा दांडा, ज्याच्या हाताची त्याची पकड. आम्ही शहरातले, आमच्याकडे घरात स्क्रू-ड्रायव्हर सापडला तर नशीब. आमच्यासाठी गोदामच बरं. फक्त बुटक्या बायकांसाठी आखूड दांड्याचे फावडे ठेवा असं दोन वर्षं सांगतेय, ते अजून ऐकलेलं नाही. पाच फुटांच्या बाईला साडेचार फुटांचा दांडा देऊन वर म्हणायचं, बायकांना जमत नाही.

अमावास्येचं एक लक्षात ठेवा. त्या दिवशी या गोदामाच्या गिऱ्हाइकांतले मिस्त्री काम बंद ठेवतात, त्यामुळे सगळा चांगला माल घरी परतलेला असतो. रविवार आणि अमावास्या एकत्र आली तर आदल्या दिवशी जाऊन हवं ते निवडून घ्या. दुपारी दोन ते चार जाऊ नका, मालक आणि कुत्रं दोघेही झोपलेले असतात. ऑनलाइन पैसे घेतात, पण डिपॉझिट रोखच. मोजणी करताना स्वतः उभे राहा आणि वहीतल्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण त्यांचे एक आणि सात एकसारखेच दिसतात.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. नळीचा एक कापला, आखूड दांड्यांचा अर्धा. 'फोटो वाले' म्हणाले त्याचा कापला नाही.

एक जुनी थकबाकी राहते. गेल्या मोसमाच्या शेवटच्या रविवारी परत करताना एक तगारी कमी भरली. एकोणचाळीस. मालकांनी तीनदा मोजली, मी चौथ्यांदा. डिपॉझिटमधून दीडशे कापले, वहीत 'आंटी, तगारी 1' असं लिहिलं. जुलैत चर कसे भरलेत ते पाहायला गावात गेलो तेव्हा पायथ्याच्या घरासमोर ती सापडली. खात्रीने तीच, कडेला आमच्या काकूंनी लावलेली लाल नेलपॉलिशची खूण होती. घरातल्या म्हाताऱ्या आजीने ती उलटी घालून वर दगड ठेवला होता, आणि आत कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. बुडाच्या भोकांतून त्यांना हवा चांगली मिळत होती. आजीने चहा विचारला. मी चहा घेतला आणि तगारीचं नाव काढलं नाही.